घागरीपुढची हातभर जागा

मारामारी शिकायची असं मी ठरवलं तेव्हा मला सतरावं लागलं होतं, आणि आमच्या घरी दोन घागरी आणि एक कळशी होती. घागरींचा उल्लेख आधीच करते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी घडलं, आणि शिकायला निघताना मी नेमका त्यांचाच विचार केला नव्हता.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. वडील नायगावला कारकून होते. नव्या जिल्हा कचेरीत माणसं हवी होती, म्हणून त्यांची बदली इकडे झाली. कचेरीत माणसं टेबलांच्या आधी पोचली. पहिला महिना वडिलांनी खिडकीच्या कट्ट्यावर फायली ठेवून उभ्यानं काम केलं. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, आणि मला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. नायगावात तेव्हा अकरावी सायन्स नव्हतं. आमच्या घरात सायन्सपर्यंत पोचलेली मी पहिली.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. पोळ्यापर्यंत नळ आठवड्यातून एकदा यायचा, नंतर तोही थांबला. आमची आणि मागच्या दोन अशा तीन गल्ल्यांना मिळून एक हापसा उरला. घरं बेचाळीस. मी दारं मोजली होती.

हापशाचा नियम साधा होता. पहाटे भांडं नेऊन रांगेत ठेवायचं. भांडं ठेवलं की माणूस उभं राहिल्यासारखं. मग घरी जाऊन चूल पेटवली तरी चालायचं. एका पाळीला दोन घागरी. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. बेचाळीस घरांनी हा नियम कागदाशिवाय पाळला होता.

त्यातला एक पोटनियम फक्त आमच्यासाठी होता. आई पहिल्या दिवशी घागर ठेवायला गेली तेव्हा पुढच्या नंबरच्या म्हातारीनं आडनाव विचारलं, आणि ते कळल्यावर अगदी गोड आवाजात म्हणाली, "जरा सरकून ठेव बाई. भांड्याला भांडं लागाया नगं." आईनं घागर हातभर मागं घेतली. मागच्या बाईनंही तिची हातभर मागं ठेवली. सबंध रांगेत भांडी एकमेकांना चिकटून असायची, फक्त आमच्या घागरीच्या पुढं आणि मागं हातभर मोकळी जमीन. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, पाणी मिळतंय ना, मग मोजत बसू नकोस.

मोजू नकोस, हे मला कुणी सांगून उपयोग नाही. पुढं माझी नोकरीही पावसाचे आकडे उतरवून घेण्याची झाली.

घागरीचं पोट साधारण हातभर रुंद असतं. म्हणजे आमच्या पुढची ती जागा बरोबर एका भांड्याची होती. हे माझ्याआधी एका पैलवानाच्या लक्षात आलं. त्याचं नव्या कचेरीसमोर चहाचं हॉटेल होतं. जिल्हा झाल्यापासून ते जोरात चाललं होतं आणि त्याला पाणी लागायचं. तो सातच्या सुमारास हातगाड्यावर सहा डबे घेऊन यायचा, एक डबा आमच्या पुढच्या मोकळ्या जागेत ठेवायचा, आणि त्या एकाच्या नंबरावर सहाच्या सहा भरून न्यायचा. कुणी काही म्हणालं तर म्हणायचा, "मोकळी जागा दिसली, ठेवलो. तुमचं काय उचललो का?" हापसा तोवर दमायचा, पाण्याऐवजी हवा ओढायचा, आणि मागच्यांना थांबावं लागायचं. मागचे लोक त्याला काही बोलायचे नाहीत, आईला बोलायचे. तुमच्याच पुढं शिरतो तो.

पंधरा दिवसांचा हिशेब मी ठेवला. पंधरापैकी सहा दिवस आई रिकामी घागर घेऊन परत आली.

सोळाव्या दिवशी मी गेले. त्यानं डबा ठेवला, मी तो उचलून बाजूला ठेवला. त्यानं माझ्या घागरीला लाथ मारली. घागर ओट्यावर आपटली, घरंगळत नालीत गेली आणि तिच्या पोटाला मूठ बसेल एवढा पोचा पडला. रांगेत त्या वेळी तीस-पस्तीस बाया होत्या. प्रत्येकीनं आपापलं भांडं सावरलं.

त्या संध्याकाळी वडिलांनी बदलीचा अर्ज लिहायला घेतला. नायगावला परत. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. कच्चा मसुदा लिहून मला वाचायला दिला आणि शुद्धलेखन बघ म्हणाले. मी विचारलं, माझ्या अकरावीचं काय? त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, दिवाळी झाली की अर्ज देतो.

म्हणजे माझ्याकडे साधारण दीड महिना होता. त्या अवधीत रांगेतली आमची जागा राखता आली तर कॉलेज राहणार होतं, नाहीतर नाही. मी ठरवलं की लढायला शिकायचं.

जवळची म्हणून आधी तालीम गाठली. पैलवान त्याच तालमीतला, तेव्हा त्याचे डाव कळतील असा माझा हिशेब होता. वस्ताद म्हातारे होते, दारात बसून बदाम फोडत होते. पोरगी मातीत उतरली तर माती बदलावी लागंल, म्हणाले. मग त्यांनीही आडनाव विचारलं, आणि ऐकून म्हणाले, आता तर बदलावीच लागंल. हे ते हसत म्हणाले. मी हसले नाही. नमस्कारही न करता निघून आले, आणि ते मी आजही चूक मानत नाही.

मग कराटे. नव्या जिल्ह्यात नव्या गोष्टी येत होत्या, त्यात हैदराबादहून आलेला एक कराटे मास्तर होता. एका शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला वर्ग. अकरा मुलं आणि मी. मास्तरांनी आडनाव विचारलं नाही, वजन विचारलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मूठ कशी वळायची, अंगठा कुठं ठेवायचा, लाथ कमरेतून कशी काढायची, हे नीट शिकवलं. नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सहाला मी मैदानावर ठोसे मारायला शिकत असते, आणि त्याच वेळी हापशावर आई एकटी जागा सोडत असते. पट्टा मिळायला किती दिवस लागतील, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, पहिला चार महिन्यांनी. दिवाळी त्याआधी होती.

तेव्हा मी नीट बसून तक्ता केला. वडिलांचा अर्जाचा कच्चा मसुदा एकाच बाजूनं लिहिलेला होता, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. आडव्या ओळी चार: कुस्ती, कराटे, लाठी, गतका. उभे रकाने चार: शिकवणारा मिळेल का, दिवस किती, जागा किती लागते, साहित्य काय लागतं. प्रत्येकाला पाचपैकी गुण. लाठी शिकवायला नायगावचे काका होते. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत लाठीचा फड त्यांच्याच पुढाकारानं निघायचा. गतका म्हणजे शिखांचा छडी आणि ढालीचा खेळ. नांदेडला आत्या गुरुद्वाऱ्याजवळ राहायची, तिच्या ओट्यावरून मी तो मिरवणुकीत पाहिला होता. बेरीज अशी आली: कुस्ती अकरा, पण शिकवणाऱ्याच्या रकान्यात शून्य, म्हणून बाद. कराटे चौदा. लाठी सोळा. गतका आठ.

सोळा म्हणजे लाठी. दसऱ्याला नायगावला गेलो तेव्हा काकांकडून पाच दिवस शिकले. लाठी उभी धरली की कानाच्या पाळीपर्यंत यावी, हे पहिलं माप. मनगट बरं आहे, असं काका म्हणाले. डोक्यावरून, कमरेभोवती, पाठीमागून, मी दिवसाला चारशे फेरे फिरवले. परत येताना एसटीत लाठी सीटखाली आडवी ठेवली, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काय बाई, म्हशी सोबत न्हाईत, मागून येऊन राहिल्या का?" सगळी गाडी हसली. मलाही हसू आलं. मला स्वतःबद्दल खात्री होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उजव्या हातात लाठी आणि कमरेवर पोचा पडलेली घागर घेऊन हापशावर गेले. घागर आमच्या नंबरावर ठेवली, पुढं-मागं हातभर जागा सोडून, नेहमीसारखी. तसंच ठेवायचं असतं असं हाताला वळण लागून गेलं होतं. पैलवान आला. डबा त्याच जागेत ठेवला. मी लाठी उचलली आणि तिथंच थांबले. लाठी फिरवायला आजूबाजूला चार-पाच हात मोकळे लागतात. माझ्या उजवीकडे कडेवर पोर घेतलेली बाई, डावीकडे म्हातारी, मागं आई. तक्त्यात मी जागेच्या रकान्यात लाठीला तीन गुण दिले होते. शून्य द्यायला हवे होते.

मी उभी राहिलेली बघून त्यानं लाठी माझ्या हातातून काढून घेतली. ओढली नाही, झटापट नाही, दुकानदाराच्या हातातून माप घ्यावं तशी घेतली. "बरं झालं बाई आणलीस," तो म्हणाला. "कावडीला बांबू पायजेच होता." आणि त्यानं खरोखरच दोन भरलेले डबे लाठीच्या दोन टोकांना अडकवले, खांद्यावर घेतले आणि चालू लागला. सगळी रांग हसली. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. दुपारी तो लाठी आमच्या दाराशी उभी करून गेला. ती ओली होती.

तीन दिवस मी आईशी बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे नांदेडला गेले. गोदावरीचं पात्र आटून मधले खडक उघडे पडले होते, पण आत्याच्या गल्लीत अजून पाणी होतं. चार घरं सोडून एका अंगणात संध्याकाळी एक म्हातारे सरदारजी पोरापोरींना गतका शिकवायचे. कमरेत वाकलेले, दाढी पांढरी, बोलणं तुमच्याआमच्यासारखं नांदेडचं. मी दोन संध्याकाळी कुंपणाबाहेरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तक्त्याचा कागद घेऊन आत गेले आणि विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

त्यांनी कागद लांब धरून शेवटपर्यंत वाचला. गतक्याला आठ गुण पाहून त्यांच्या मिशा हलल्या.

"लढायचं कुणाशी हाय?"

"एका पैलवानाशी."

"कुठं?"

"हापशावर."

"मंग हातात काय राहील तुझ्या?"

मी लाठी म्हणणार होते. तोंडात शब्द आलाही होता. पण लाठीचं काय झालं ते आठवून म्हणाले, "घागर."

"भरलेली का रिकामी?"

"आधी रिकामी, मग भरलेली."

कागद त्यांनी मला परत दिला. "ह्यात घागर कुठंच न्हाई," म्हणाले. "जा, घेऊन ये."

त्या दिवसापासून चौदा दिवस मी त्यांच्या अंगणात आत्याची भरलेली घागर कमरेवर घेऊन पैंतरा केला. पैंतरा म्हणजे पायांची बैठक आणि चाल: एक पाय पुढं, वजन मागच्यावर, मग फिरून दुसरा पुढं, गुडघे सैल, टाच जमिनीला. छडी त्यांनी माझ्या हातात एकदाही दिली नाही. बाकीची पोरं छड्या वाजवायची, मी घागर घेऊन त्यांच्यामधून फिरायची. आठव्या दिवसापासून ते हातातल्या ढालीनं माझ्या खांद्यावर धक्का द्यायचे. अडवायचं नाही, आणि सरकायचंही नाही. धक्का आला की पाय फिरवून तो सोडून द्यायचा आणि पाऊल परत त्याच जागी. पहिल्या दिवशी घागरीतलं पाणी चार बोटं सांडलं. चौदाव्या दिवशी अर्धं बोट. रोज बोटांनी मोजत होते. खेळ संपला की त्याच पाण्यात आत्या भांडी घासायची.

शेवटच्या दिवशी त्यांनी सहज विचारलं की तो माणूस डबा नेमका ठेवतो कुठं. मी सांगितलं, आमच्या आणि पुढच्या घागरीच्या मध्ये. तिथं जागा कशी राहते, त्यांनी विचारलं. बाकीच्या भांड्यांमध्ये राहते का?

मी म्हणाले, नाही. मग का ते सांगितलं. ही गोष्ट मी तोपर्यंत कुणाला सांगितली नव्हती, मोठ्यानं तर नाहीच. पंधरा दिवसांचा हिशेब ठेवला होता, सोळा गुणांपर्यंत बेरीज केली होती, बेचाळीस दारं मोजली होती, आणि ही हातभर जागा माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हती. सांगताना मला लाज वाटली, आणि लाज मला वाटावी याचा राग आला.

त्यांनी ढाल खिळ्याला अडकवली. "मंग पाय कुठं ठेवायचा ते तुला ठावं हाय," ते म्हणाले. "मला काय विचारून राहिलीस?"

लातूरला परतले ते सोमवारी. वडिलांचा पक्का अर्ज टेबलावर तयार होता, फक्त तारीख घालायची राहिली होती. मंगळवारी पहाटे मी घागर घेऊन गेले, चौदावा नंबर. पुढच्या म्हातारीच्या घागरीला टेकवून माझी घागर ठेवली. धातूला धातू लागल्याचा आवाज झाला.

म्हातारीनं तिची घागर अजून पुढच्या भांड्याला भिडवली नव्हती; तिनं बघितलं आणि ती वीतभर पुढं घेतली. मी माझी वीतभर पुढं घेतली. तिनं आणखी चार बोटं पुढं घेतली, मी चार बोटं. मग तिच्या घागरीला बाराव्या नंबरची घागर लागली, आणि तिला पुढं जायला जागा उरली नाही.

"भांडं लागून राहिलं की," ती म्हणाली.

"लागू द्या, मावशी," मी म्हणाले. "माझं काही बिघडत नाही."

आई मागून म्हणाली, अगं, राहू दे. मी मागं वळून पाहिलं नाही. वळले असते तर घागर मागं घेतली असती, एवढं मी स्वतःला ओळखत होते.

सातला पैलवान आला. डबा हातात घेऊन आमच्या नंबरापाशी थांबला, खाली बघितलं, जागा दिसेना. तेव्हा त्यानं पायानं माझी घागर मागं ढकलायला पाऊल उचललं. मी घागर उचलून कमरेवर घेतली आणि ती जिथं होती तिथं स्वतः उभी राहिले. त्यानं खांद्यानं धक्का दिला. पाय फिरला, पाऊल परत जागेवर आलं. दुसरा धक्का जोरात होता, मी अर्धी वळले आणि परत आले. तिसऱ्याला त्यानं हात लावला आणि मी पडले. हे सांगायलाच हवं. ओट्याच्या कडेवर कोपर सोलून निघालं, तो डाग अजून आहे. पण घागर मी सोडली नव्हती. उठले आणि त्याच जागी उभी राहिले. एक पाय पुढं, टाच जमिनीला.

पैलवानाला पाय वाचता येतात. त्यानं माझ्या पावलांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"कुठं शिकलीस?"

"तुमच्या तालमीत नाही," मी म्हणाले. "नंबर मागं आहे. बेचाळिसाव्याच्या मागं."

तेवढ्यात माझ्या पायाला मागून काहीतरी गार लागलं. मागच्या नंबरच्या बाईनं, जी दोन महिने हातभर दूर ठेवत होती, तिची घागर सरकवून माझ्या टाचेला भिडवली होती. तिच्यामागचीनं तिची तिला. माझ्यावर प्रेम होतं म्हणून नाही. माझ्यामागची जागा बुजली नसती तर डबा तिच्या पुढं आला असता, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यासाठी केलं, आणि मला ते चाललं. आजही चालतं. तिनं पुढं कधी माझ्याशी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि मीही वाट पाहिली नाही.

तो हातगाडा घेऊन मागं गेला. त्या दिवशी दोन घागरी भरून मी घरी आले तेव्हा आईनं कोपराला हळद लावली. हळद लावताना माझ्याकडे न बघता म्हणाली की उद्या घागर ती ठेवेल, आणि टेकवूनच ठेवेल. वडिलांनी दोन्ही घागरींकडे पाहिलं, अर्ज उचलला आणि त्याच्या कोपऱ्यात त्यांच्या कारकुनी अक्षरात शेरा लिहिला: नस्तीबद्ध करावे. सरकारी भाषेत त्याचा अर्थ, कागद फायलीला लावा, पुढं काही करायचं नाही. कागद फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पैलवान लगेच सुधारला नाही. मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत तो मधून मधून येतच राहिला. त्या हंगामात आम्हाला ढकललं गेलं तेवीस वेळा. त्यांपैकी चार वेळा मी पडले, एकदा आई. जागा सोडली एकदा. माझं अकरावीचं प्रॅक्टिकल होतं, आईला ताप होता, आणि वडील रांगेत उभे होते. त्यांनी पैलवानाला वाट दिली आणि घरी येऊन स्वतःहून सांगितलं. मी ते लिहून ठेवलं.

कच्च्या मसुद्याचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. एका बाजूला वडिलांची सविनय विनंती, दुसऱ्या बाजूला माझे चार रकाने. परवा शेजारीण विचारत आली की मुलीला कराटेला घालू की तायक्वांदोला. मी तिला कागद दाखवला नाही, पण ती गेल्यावर काढून पाहिला. पाचवा रकाना नांदेडहून परतल्यावर मी शाईनं आखला होता: हातात काय असेल. सहावा त्या मंगळवारी दुपारी, कोपराला हळद लावलेल्या हातानं, म्हणून त्याची रेघ वाकडी आहे: जागा कुणी सोडायला लावली. त्या रकान्यात गुण दिलेले नाहीत. खाली फक्त त्या हंगामाची बेरीज आहे. तेवीस, आणि एक.